मुलगी नक्षलवादी आणि मुलगा प्रॅक्टिकल?

प्रश्न : ताई, आम्ही अकरा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एस्लिंगनमध्ये आहोत. मुलगी बर्लिनला शिकते. ती म्हणते, तिथल्या मोठ्या भाडे-कंपन्यांची घरं सरकारने ताब्यात घ्यावीत. नवरा तिला नक्षलवादी म्हणतो. मुलगा सतरा वर्षांचा आहे, गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवरच्या शाळेत जातो. त्याला एएफडी या परदेशी लोकांच्या येण्याला विरोध करणाऱ्या पक्षाच्या बोलण्यात तथ्य वाटतं. “आपण काम करतो, टॅक्स भरतो, बाकीचे बसून खातात. आणि ज्या पक्षाला देशात दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळतात तो टोकाचा कसा?” असं त्याचं म्हणणं. नवऱ्याला तो प्रॅक्टिकल वाटतो. त्यात सासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत. परवा शेजारच्या आजीबाई चहाला आल्या होत्या. सासरे इंग्रजीत म्हणाले, भारताला एक हिटलरच पाहिजे. आजीबाई अर्धा चहा टाकून उठल्या. मुलाच्या जर्मन नागरिकत्वाचा अर्ज आता द्यायचा आहे. माझ्या घरात टोकाचं नक्की कोण, आणि मी रेष कुठे मारू?

उत्तर : तो अर्धा चहा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, पण सासऱ्यांकडे शेवटी येते. आधी मुलगी, कारण तिच्यावर अन्याय झालाय.

26 सप्टेंबर 2021 रोजी बर्लिनमध्ये नेमक्या याच मागणीवर सार्वमत झालं आणि निम्म्याहून अधिक लोकांनी ‘हो’ म्हटलं. जर्मनीच्या राज्यघटनेत, म्हणजे ग्रुंडगेझेट्झमध्ये, अनुच्छेद 15 आहे. जमीन, नैसर्गिक साधनसंपत्ती आणि उत्पादनाची साधनं कायदा करून, भरपाई देऊन सार्वजनिक मालकीत आणता येतात, असं तो सांगतो. 1949 पासून तो तिथेच आहे. मागणी शहाणपणाची आहे का, यावर यजमानांनी मुलीशी रात्रभर भांडावं. बाणेरला एखादा फ्लॅट घेऊन ठेवला असेल तर पोटात गोळा येणं मी समजू शकते. पण जी गोष्ट घटनेतच लिहिली आहे आणि जी मुलगी मतपेटीतून मागते आहे, तिला नक्षलवादी म्हणणं म्हणजे शब्दाची नासाडी आहे. गडचिरोलीतल्या माणसाला त्या शब्दाचा अर्थ विचारा.

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि ते आपण विसरत चाललोय : जहाल आणि अतिरेकी. 1907 साली सुरतेला काँग्रेस फुटली ती जहाल आणि मवाळ अशी. सरकारच्या लेखी टिळक टोकाचेच होते. 1908 मध्ये त्यांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला पाठवलं. पुढे 1929 मध्ये लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, तेव्हा कालचं जहाल मत घराघरातलं झालं होतं. म्हणजे आज कुणाचं मत बाजूला पडलेलं आहे किंवा सरकारला खुपतं आहे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

गंमत अशी की जर्मन सरकारी भाषेतही हेच दोन शब्द आहेत. घटनेच्या रक्षणासाठी इथे एक खातं आहे, फेरफासुंग्सशुट्झ. ते ‘राडिकाल’ आणि ‘एक्स्ट्रेमिस्टिश’ यांत फरक करतं. भांडवलशाही मुळापासून बदलावी असं वाटणारा माणूस राडिकाल असू शकतो, आणि त्याला लोकशाहीत पूर्ण जागा आहे, असं हे खातं स्वतः सांगतं. जो लोकशाहीचा पायाच काढून टाकायला निघाला, तो एक्स्ट्रेमिस्टिश. आपला जहाल तो राडिकाल, असं मी तरी धरून चालते.

पाया कशाला म्हणायचं, हे कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने 17 जानेवारी 2017 च्या निकालात थोडक्यात मांडलं. माणसाची प्रतिष्ठा, लोकशाही आणि कायद्याचं राज्य, या तीन गोष्टी. खटला होता एनपीडी या नवनाझी वळणाच्या पक्षावर बंदी घालावी का, याचा. न्यायालय म्हणालं, या पक्षाची उद्दिष्टं घटनाविरोधी आहेत, पण ती तडीस नेण्याइतकी ताकद त्याच्यात दिसत नाही, म्हणून बंदी नाही. हा निकाल मुलाला वाचायला सांगा, कारण त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. पक्ष टोकाचा आहे का आणि पक्ष मोठा आहे का, हे दोन वेगळे प्रश्न न्यायालयाने वेगळे ठेवले. एनपीडी छोटी होती, तरीही टोकाचीच. मग 20.8 टक्के मतं मिळवलेला पक्ष केवळ त्या आकड्यामुळे मुख्य प्रवाहातला कसा ठरेल? फेब्रुवारी 2025 मध्ये एएफडीला तेवढी मतं पडली हे खरं. त्या आकड्यावरून इतकंच कळतं, की तुमच्या मुलाच्या वर्गातही चार-पाच घरं अशी असतील आणि ती सगळी राक्षसांची नसतील.

रेषेच्या आतलं मत गोड असेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. 2000 साली चॅन्सेलर श्र्योडर यांच्या सरकारने परदेशी आयटीवाल्यांसाठी ग्रीन कार्ड, म्हणजे कामाचा खास परवाना आणला, तेव्हा नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्यात सीडीयू या उजवीकडे झुकलेल्या मोठ्या पक्षाचे युर्गन र्युटगर्स यांच्या प्रचारातून एक घोषणा गाजली : ‘किंडर श्टाट इंडर’. भारतीयांऐवजी आपली मुलं! मी तेव्हा इथे नवी होते, आणि ती घोषणा मला बेकरीच्या रांगेतसुद्धा ऐकू आल्यासारखी वाटायची. र्युटगर्स पुढे 2005 मध्ये त्याच राज्याचे मुख्यमंत्री झाले. घोषणा हिणकस होती, आपल्यालाच उद्देशून होती, आणि तरी ‘परदेशी माणसं कमी आणा, इथल्या मुलांना शिकवा’ हे धोरण मांडणं रेषेच्या आतच बसतं. व्हिसा किती द्यावेत, निर्वासितांना किती भत्ता द्यावा, कुणाला परत पाठवावं यावर कडक मत असणं हा गुन्हा नाही आणि अतिरेकही नाही.

रेष ओलांडली जाते ती पुढे. एएफडी 2013 मध्ये स्थापन झाली तेव्हा युरोविरोधी अर्थतज्ज्ञांचा पक्ष होती. संस्थापकांपैकी बेर्न्ड लुके 2015 मध्येच बाहेर पडले. मे 2024 मध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने घटनारक्षण खात्याला या पक्षावर ‘संशयित’ म्हणून नजर ठेवायची मुभा कायम ठेवली. कारण नीट ऐका : परदेशी मुळाच्या जर्मन नागरिकांना कायद्याने दुय्यम दर्जा द्यावा, असा पक्षातल्या एका मोठ्या गटाचा हेतू असावा, या संशयाला पुरेसा आधार आहे. नागरिकांना, परदेशी लोकांना नव्हे. मे 2025 मध्ये खात्याने ‘संशयित’च्या जागी ‘निश्चितपणे अतिउजवा’ असा शिक्का मारला. पक्ष कोर्टात गेला आणि आठवड्याभरात खात्याने न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत तो शिक्का बाजूला ठेवला. म्हणून मी मुलाला शिक्का दाखवणार नाही. मी त्याला एवढंच विचारीन : उद्या तुझ्या हातात लाल पासपोर्ट येईल, तेव्हा तू जर्मन आहेस की पासपोर्टवाला? तुला आवडणाऱ्या पुढाऱ्याचं उत्तर शोधून आण. त्याचं बोलणं ऐक, त्याच्यावर लिहिलेलं नको. ‘बाकीचे बसून खातात’ म्हणताना तो स्वतःला ‘आपण’मध्ये मोजतोय. ज्यांचं तो ऐकतोय ते त्याला मोजतात का, हे त्याचं त्यानेच तपासू दे. भारतीय घरांतली अनेक मुलं ‘आम्ही चांगले परदेशी’ या समजुतीवर वाढतात. ती आपणच त्यांना जेवताना वाढलेली असते.

शिक्क्यांवर माझा फार विश्वास नाही, त्याला इथलाच इतिहास कारण आहे. 1972 मध्ये तेव्हाचे चॅन्सेलर विली ब्रांट आणि राज्यांचे मुख्यमंत्री यांनी ‘राडिकालेनएरलास’, म्हणजे जहालांविषयीचा आदेश काढला. सरकारी नोकरीत येणाऱ्याची घटनानिष्ठा तपासायची. लाखो लोकांची चौकशी झाली, शिक्षक, टपालवाले, रेल्वेवाले सगळे त्यात आले. तुमच्याच राज्यात हे फार कडकपणे राबवलं गेलं. स्टुटगार्टजवळ होहेनहाइमला शिकताना माओवादी गटात वावरलेला एक तरुण होता, शिक्षकाची नोकरी त्याच्या हातून जवळजवळ गेलीच होती. तो विनफ्रीड क्रेचमन. 2011 मध्ये ते बाडेन-व्युर्टेमबर्गचे मुख्यमंत्री झाले, देशातले ग्रीन पक्षाचे पहिले मुख्यमंत्री. आपला तो काळ चुकीच्या वाटेवरचा होता, असं ते स्वतः सांगतात. जानेवारी 2023 मध्ये त्यांनी त्या चौकशीत नाहक भरडल्या गेलेल्यांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. विशीतल्या पोराला कायमचं लेबल लावायच्या आधी हे आठवा, मग ते पोर डावीकडचं असो की उजवीकडचं.

बहुमतालाही हात लावता येणार नाही असं काही घटनेत असावं, ही कल्पना आपल्याला परकी नाही. 1965 मध्ये डिटर कोनराड या जर्मन अभ्यासकाने बनारस हिंदू विद्यापीठात यावर व्याख्यान दिलं होतं. 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात तो विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता, आणि राज्यघटनेच्या मूळ चौकटीला संसद धक्का लावू शकत नाही असं सात विरुद्ध सहा मतांनी ठरलं. सासरे वर्तमानपत्र वाचणारे दिसतात, त्यांना हा दुवा आवडेल.

आता जेवणाचं टेबल. तुमच्यापासून जवळच, रेम्स खोऱ्यात, बॉइटेल्सबाख नावाचं गाव आहे. 1976 मध्ये तिथे राजकारण शिकवणाऱ्या तज्ज्ञांची बैठक झाली आणि त्यातून निघालेली तत्त्वं आजही जर्मन शाळांत पाळली जातात. शिक्षकाने आपलं मत मुलांच्या गळी उतरवायचं नाही, आणि समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. तुमच्या मुलाला शाळेत याची सवय आहे. घरी आल्यावर मात्र बाबा बहिणीला नक्षलवादी म्हणतात आणि त्याची पाठ थोपटतात. मग त्याला घर पक्षपाती वाटलं तर नवल काय? यजमानांना एकट्यात सांगा, की घरात शिक्के बंद. घरं ताब्यात घेण्यावर भांडा, निर्वासितांच्या भत्त्यावर भांडा, आवाज चढला तरी चालेल. ‘अमुक जातीची, अमुक धर्माची माणसं म्हणजे घाण’, ‘त्यांना मत देऊ देऊच नये’, ‘दोन-चार फटके दिल्याशिवाय कळणार नाही’ अशी वाक्यं आली की मात्र तुम्ही हातातलं ताट खाली ठेवा आणि बोला. बोलणारा मुलगा असो, मुलगी असो, की सांगलीचा फॅमिली ग्रुप. हीच वाक्यं तिथे रोज ‘सुप्रभात’च्या फुलांखाली येतात आणि आपण अंगठा दाखवून पुढे जातो, हे मुलं बघत असतात.

अर्जाचं. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर मुक्त लोकशाही व्यवस्थेशी निष्ठेची कबुली अर्जदाराला स्वतः द्यावी लागते. जून 2024 पासून त्यात नाझी राजवटीबद्दलची जर्मनीची ऐतिहासिक जबाबदारी आणि ज्यू जीवनाचं रक्षण हेही आलं. घटनारक्षण खात्याकडे विचारणा होते. मुलाने एएफडीबद्दल घरात वाद घातला यावरून काही बिघडत नाही. वर्गाच्या चॅटवरचे हिटलरचे स्टिकर ही मात्र वेगळी गोष्ट आहे. नाझी चिन्हं पसरवणं हा दंडसंहितेच्या कलम 86अ खाली गुन्हा आहे, आणि चौदाव्या वर्षापासून मुलगा गुन्ह्याला जबाबदार धरला जातो. गंमत म्हणून टाकलं, हे कारण चालत नाही. आज रात्रीच त्याच्याजवळ बसा आणि फोन त्याच्याच हाताने साफ करून घ्या. हिसकावून घेऊ नका.

आणि आता सासरे. आपल्याकडे कडक मास्तरांना हिटलर म्हणतात, फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी विकायला असतं. सासऱ्यांना ‘गाड्या वेळेवर सुटाव्यात, लाच बंद व्हावी’ असं म्हणायचं होतं. तेवढ्यासाठी त्यांना अतिरेकी म्हणणार नाही मी. पण शेजारच्या आजीबाईंच्या वयाच्या बाईसाठी ते नाव म्हणजे बाप, काका, बॉम्बगोळे, आणि कदाचित घरात कधीच न बोललेली एखादी गोष्ट. सासऱ्यांना हे मुलांसमोर सुनावू नका. स्टुटगार्टच्या नोर्डबानहोफजवळ जुन्या रुळांच्या कडेला एक स्मारक आहे. 1 डिसेंबर 1941 रोजी तिथून नाझींनी हद्दपार केलेल्या सुमारे हजार ज्यू माणसांची पहिली गाडी लाटव्हियातल्या रीगाला निघाली. भिंतीवर नावंच नावं आहेत. नातवाला आणि आजोबांना दोघांनाच पाठवा, तुम्ही जाऊ नका. गाडी वेळेवर सुटली होती का, हा प्रश्न नातवाने विचारला तर बरं, नाही विचारला तरी चालेल. परतल्यावर सासऱ्यांना आजीबाईंकडे जायचं असेल तर डबा भरून द्या. जर्मनमध्ये ‘एन्टशुल्डिगुंग’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणायला नातू शिकवील.

ता.क. : दिवाळीत दारात रांगोळीचं स्वस्तिक काढावं का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण दरवर्षी कुणीतरी विचारतंच. देवघरात निर्धास्त काढा. बाहेर सामाईक जिन्यात मी गेली कित्येक वर्षं कमळ काढते.