लाल मफलर

तुझा मेसेज रात्री वाचला. समिट, म्हणजे शिखर, हुकल्याचं वाईट वाटणारच, वर्षभर पाठीवर दगड भरलेली सॅक घेऊन सिंहगड चढलायस, पण आजारी पडलेल्या पार्टनरबद्दलचं "त्याच्यामुळे माझा समिट गेला" हे वाक्य मला टोचलं रे, म्हणून सकाळी चहाच्या आधी हेच लिहायला बसलोय.

तेनसिंग नोर्गे 1935 मध्ये हमाल म्हणून पहिल्यांदा एव्हरेस्टवर गेले आणि शिखरावर पोचले ते सातव्या खेपेला, 29 मे 1953 ला, एडमंड हिलरीबरोबर. मला विचारशील तर खरी गोष्ट त्याच्या आदल्या वर्षाची आहे. मे 1952 मध्ये स्विस टीमचा रेमंड लँबर्ट आणि ते साधारण 8,400 मीटरवर एका तंबूत रात्रभर बसून होते, स्लीपिंग बॅग नाही, स्टोव्ह नाही, मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोटघोट पाणी प्यायले आणि झोप लागली तर संपलोच म्हणून एकमेकांना चोळत, थोपटत जागे राहिले. लँबर्टच्या पायाची बोटं आधीच्या एका अपघातात गेलेली, दोघांना एकमेकांची भाषाही धड येत नव्हती! दुसऱ्या दिवशी शिखर अडीचशे मीटरवर राहिलं आणि दोघं मागे फिरले.

त्याच वर्षी लँबर्टने त्यांना आपला लाल मफलर दिला, आणि पुढच्या वर्षी शिखरावर पोचले तेव्हा तेनसिंगच्या गळ्यात तोच होता.

आणि 1953 ला तरी हिलरी आणि तेनसिंग दोघंच होते का? तीन दिवस आधी त्यांच्याच टीममधले बोर्डिलन आणि इव्हान्स मुख्य शिखराच्या थोडं खालच्या दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परतले होते, त्यांनी वाटेत ठेवलेले ऑक्सिजनचे सिलिंडर हिलरी-तेनसिंगना उतरताना कामी आले. तेनसिंगचा भाचा नवांग गोम्बू तेव्हा साउथ कोलपर्यंत, म्हणजे शिखराखालच्या खिंडीपर्यंत, ओझं वाहून गेला होता, पुढे 1963 आणि 1965 मध्ये तोच एव्हरेस्ट दोनदा चढणारा जगातला पहिला माणूस झाला.

तेनसिंगच्या मुलाचंही ऐक. 1996 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर वादळात आठ जण गेले तेव्हा जामलिंग तेनसिंग खालच्या कॅम्पवर होता. त्याच्या टीमने स्वतःच्या चढाईसाठी साउथ कोलवर साठवलेला ऑक्सिजन अडकलेल्यांना वापरायला देऊन टाकला, आपली चढाई बाजूला ठेवून सगळे रेस्क्यूला लागले. परत वर जायला मिळेल की नाही हे त्यांना तेव्हा कुठे माहीत होतं? 23 मे ला जामलिंग शिखरावर पोचला, ते नंतरचं.

तुझ्या पार्टनरला कॅम्प वनवर उलट्या सुरू झाल्या, चालताना झोक जायला लागला आणि तू त्याला रोपला बांधून खाली आणलंस. मला तुझा अभिमान वाटतो, अगदी मनापासून. पण उतरल्यापासून तू त्याला फोन केलेला नाहीस ना? तो घरी बसून स्वतःला खात असेल.

आज कर. आणि रविवारी दोघं या, पुढच्या वर्षीचं काय ते बसून ठरवू, त्याचा अक्लायमेटायझेशनचा, म्हणजे शरीराला उंचीची सवय करण्याचा, प्लॅन आधी नीट बघायचाय मला.