कान वेडा होता का? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या वेळी जाता जाता लिहून गेलो की मी पाहिलेल्या गोलकीपरांमध्ये जर्मनी आणि बायर्न म्युनिक क्लबचा ऑलिव्हर कान एक नंबर आणि त्याच टीमचा पुढच्या पिढीतला नॉयर दोन. बस्स, त्या एका वाक्यावर प्रश्नांची रांग लागली, थोड्या शिव्याही आल्या, त्या गोड मानून घेतल्या. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, निवडक घेतोय.

प्रश्न (पुणे): कानने वर्ल्ड कप कधीच जिंकला नाही. उलट २००२ च्या ब्राझीलविरुद्धच्या फायनलमध्ये त्याच्याच हातातून बॉल सुटला. मग एक नंबर कसा काय?

हा प्रश्न येणारच होता. आधी २००२ ची जर्मन टीम काय होती ते आठवा. क्वालिफाइंगमध्ये म्युनिकला घरच्या मैदानावर इंग्लंडकडून ५-१ मार खाल्लेली, मग युक्रेनविरुद्ध प्लेऑफ खेळून कशीबशी आत आलेली टीम. जर्मनीतच लोक म्हणत होते की इतकी सुमार टीम बऱ्याच वर्षांत पाहिली नाही. आणि ती पाच गोल खाणारी मॅच, तेव्हाही गोलमध्ये कानच होता बरं का.

आता वर्ल्ड कपचे आकडे बघा. सौदी अरेबियाला ८-० धुतलं ते सोडा, पण नॉकआऊटमध्ये पॅराग्वे १-०, अमेरिका १-०, दक्षिण कोरिया १-०. तिन्ही मॅच एका गोलने, आणि अमेरिकेच्या मॅचमध्ये तर त्यांच्या डोनोव्हनने कानला अक्षरशः घाम फोडला होता, कान नसता तर जर्मनी तिथूनच घरी गेली असती. फायनलपर्यंतच्या सहा मॅचमध्ये त्याने एकच गोल खाल्ला, आयर्लंडच्या रॉबी कीनचा, तोही इंज्युरी टाइममध्ये. म्हणजे या टीमला योकोहामाच्या फायनलपर्यंत आणलं ते कान आणि मिडफिल्डर बालाकने, आणि बालाक सस्पेन्शनमुळे फायनलला बाहेर.

मग फायनलच्या ६७व्या मिनिटाला जर्मनीच्या हामानने बॉल घालवला, ब्राझीलच्या रिवाल्डोने लांबून मारला, कानला तो धरता आला नाही आणि रोनाल्डो समोरच उभा. कानच्या उजव्या हाताच्या बोटाला त्याच मॅचमध्ये दुखापत झालेली होती हे खरं, पण त्याने स्वतः ती सबब म्हणून कधी पुढे केली नाही, त्यामुळे आपणही करायला नको. चूक त्याचीच. तरीही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल त्याला मिळाला आणि आजपर्यंत दुसऱ्या कुठल्याही गोलकीपरला तो मिळालेला नाही. फायनल हरलेल्या टीमच्या कीपरला तो मिळतो यातच सगळं आलं.

प्रश्न (नाशिक): २००१ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये त्याने खरंच तीन पेनल्टी अडवल्या का? की नेटवर काहीही फिरतं?

खरंच तीन. पण ती गोष्ट मिलानमधल्या फायनलपासून सुरू करू नका, चार दिवस मागे या.

१९ मे २००१, बुंडेसलिगाचा, म्हणजे जर्मन लीगचा शेवटचा दिवस. बायर्नला हॅम्बर्गमध्ये फक्त ड्रॉ हवा होता. तिकडे शाल्के आपली मॅच जिंकून वाट बघत बसलेली. ९०व्या मिनिटाला बार्बारेझने हेडरने गोल केला, हॅम्बर्ग १-०, आणि शाल्केच्या स्टेडियममध्ये लोक मैदानात उतरून नाचायला लागले की आपण चॅम्पियन झालो. इकडे बायर्नचे खेळाडू मान टाकून उभे, आणि कान हा एकटा माणूस बचावपटूंना हलवून हलवून ओरडतोय, पुढे चला, पुढे चला. चार मिनिटांनी हॅम्बर्गचा कीपर शोबरने बॅकपास हाताने उचलला (तो शाल्केकडूनच लोनवर आलेला होता, कमाल आहे ना!), बॉक्सच्या आत इनडायरेक्ट फ्री किक मिळाली, अँडरसनने ती माणसांच्या गर्दीतून आत घातली आणि लीग बायर्नची. शिट्टी वाजल्यावर कान कॉर्नर फ्लॅग उपटून जमिनीवर लोळत होता, ते दृश्य तुम्ही पाहिलं असेलच.

चार दिवसांनी मिलानच्या सॅन सिरो स्टेडियमवर फायनल, समोर स्पेनची व्हॅलेन्सिया. १-१, मग शूटआऊट, आणि बायर्नची पहिलीच पेनल्टी वरून गेली, म्हणजे सुरुवातच पिछाडीवरून. कानने झाहोविचची अडवली, कार्बोनीची हाताला लागून बारवर आपटली, आणि शेवटी पेलेग्रिनोची. ५-४. सगळी टीम नाचत असताना हा थोड्याच वेळात व्हॅलेन्सियाचा कीपर कान्यिझारेसकडे गेला, तो रडत होता, त्याला धीर द्यायला. त्याबद्दल त्याला फेअर प्लेचं बक्षीसही मिळालं.

आणि हे का केलं असेल ते समजायला १९९९ लक्षात घ्यावं लागतं. बार्सिलोनातली चॅम्पियन्स लीग फायनल, समोर मँचेस्टर युनायटेड, बायर्न सहाव्या मिनिटापासून १-० पुढे, आणि इंज्युरी टाइममध्ये शेरिंगहॅम आणि सोल्स्कयार, दोन गोल, खलास. त्या रात्री रडणाऱ्यांच्या बाजूला कान स्वतः होता. माझ्या मते त्याची खरी कमाई ही दोन वर्षं आहेत. अशा हारीनंतर कित्येक टीम मोडतात, याने पुढच्या दोन्ही वर्षी लीग जिंकली आणि मग चॅम्पियन्स लीग.

प्रश्न (ठाणे): माणूस वेडा होता की नाटकं करायचा? चावल्याचं ऐकलंय!

चावला नाही हो, चावायच्या पोझमध्ये गेला. एप्रिल १९९९, डॉर्टमुंडविरुद्धची मॅच, त्यांच्या हेर्लिशच्या मानेजवळ तोंड नेलं, आणि त्याच मॅचमध्ये त्यांच्याच शापुइझाच्या दिशेने हवेत उडी घेऊन लाथ मारली, नशीब लागली नाही. गंमत म्हणजे त्याच मॅचमध्ये त्याने पेनल्टीही अडवली आणि ०-२ वरून बायर्नने २-२ केलं, पण ते कोणाला आठवत नाही.

दुसरा किस्सा मार्च २००१, रॉस्टॉक. बायर्न मागे होती, शेवटच्या क्षणी कॉर्नर मिळाला तर कान थेट समोरच्या बॉक्समध्ये गेला आणि बॉल दोन्ही हातांनी ठोसा मारून गोलमध्ये घातला. दुसरं यलो, म्हणजे रेड, बाहेर. व्हॉलीबॉल खेळायला आला होता की काय कोण जाणे.

पण दुसरी बाजूही बघा ना. जर्मनीतल्या कितीतरी स्टेडियममध्ये लोक त्याच्यावर केळी फेकायचे आणि माकडाचे आवाज काढायचे, वर्षानुवर्षं. २००० साली फ्रायबुर्गमध्ये प्रेक्षकांतून आलेला गोल्फचा बॉल डोक्याला लागून रक्त आलं. हे सगळं गोलच्या मागून, पाठीवर, दीड तास. तर नाटक नव्हतं असं मला वाटतं, राग खराच होता, फक्त तो बहुतेक वेळा कामाला लावायचं त्याला जमायचं. कधीकधी नाही जमायचं.

प्रश्न (डोंबिवली): २००६ च्या वर्ल्ड कपला जर्मनीचा कोच क्लिन्समनने त्याला बसवून दुसरा कीपर लेमनला खेळवलं, हा अन्याय नव्हता का?

मी कानचा फॅन असून सांगतो, नव्हता. क्लिन्समनला डिफेन्स पुढे ढकलून खेळायचं होतं, मागे मोठी जागा मोकळी राहणार, तिथे बॉक्सबाहेर पळत येऊन बॉल उडवणारा आणि पायाने बरा खेळणारा कीपर हवा. कान गोललाइनवरचा आणि समोरासमोरचा राजा, पण ३० मीटर पुढे येणं हा त्याचा पिंड नव्हता. लेमन त्या सीझनला आर्सेनलकडून चॅम्पियन्स लीगमध्ये गोलच खात नव्हता.

ज्या पद्धतीने केलं त्यावर बोलू शकतो आपण. दोन वर्षं दोघांना झुंजवत ठेवलं, कानची कॅप्टन्सी बालाकला दिली, कानच्या बाजूने उघड बोलणारे गोलकीपिंग कोच सेप मायर यांना २००४ मध्येच काढलं आणि ७ एप्रिल २००६ ला, वर्ल्ड कपला दोन महिने असताना, निर्णय जाहीर. सगळ्यांना वाटलं कान आता दार आपटून जाणार. तो म्हणाला मी येतो, दोन नंबर म्हणून येतो.

मग बर्लिनमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध शूटआऊटच्या आधी तो बेंचवरून उठून लेमनकडे गेला, हात दिला, कानात काहीतरी बोलला. या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं हे सगळ्या देशाला माहीत होतं! लेमनने दोन पेनल्टी अडवल्या. तिसऱ्या जागेची मॅच स्टुटगार्टला पोर्तुगालशी, तिथे कानला खेळवलं, ३-१ जिंकले, आणि ८६व्या आंतरराष्ट्रीय मॅचनंतर त्याने जर्मनीची जर्सी उतरवली. ज्या जर्मनांनी त्याला केळी मारली तेच त्या दिवशी उभं राहून टाळ्या वाजवत होते.

प्रश्न (कोलकात्यात राहणारे एक मराठी वाचक): इथले लोक सांगतात कान शेवटची मॅच सॉल्ट लेकला खेळला. खरं?

जवळपास खरं. २७ मे २००८, मोहन बागान विरुद्ध बायर्न, सॉल्ट लेक स्टेडियम, सव्वा लाखाच्या आसपास पब्लिक, बायर्न ३-० जिंकली. बायर्नच्या टीमबरोबरचा निरोपाचा दौरा म्हणून ती त्याची शेवटची मॅच मानतात. पण सप्टेंबरमध्ये म्युनिकला जर्मनीच्या टीमविरुद्ध रीतसर निरोपाची मॅच झाली, १-१. बुंडेसलिगातली शेवटची मॅच मात्र त्याआधी १७ मेला, बर्लिनच्या हेर्थाविरुद्ध. एकूण ५५७ लीग मॅच, आठ लीग, सहा जर्मन कप.

प्रश्न (सांगली): बायर्नने त्याला सीईओ पदावरून का काढलं?

थोडक्यात सांगतो कारण हा माझा आवडीचा विषय नाही. निवृत्तीनंतर बरीच वर्षं टीव्हीवर तज्ज्ञ होता, २०२० ला बायर्नच्या बोर्डावर आला, २०२१ च्या जुलैत रुमेनिगेंच्या जागी बसला. २०२३ च्या मार्चमध्ये कोच नागेल्समनला काढून टुखेलला आणलं, टीम जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीगमधून बाहेर पडली, आणि २७ मे २०२३ ला (कोलकात्याच्या मॅचचीच तारीख, बघा!) शेवटच्या मिनिटांत लीग जिंकली त्याच दिवशी कानला काढल्याची बातमी आली. त्याच्याबरोबर बोर्डावरच्या सालिहामिजिचलाही, ज्याने मिलानच्या त्या शूटआऊटमध्ये गोल मारला होता. ऑफिसात बसून टीम चालवणं वेगळं काम आहे, ते त्याला जमलं नाही असं मी म्हणेन, पण ट्रॉफी उचलायच्या दिवशीच माणसाला काढायचं ही काही रीत झाली नाही.

प्रश्न (कोल्हापूर): माझा १४ वर्षांचा मुलगा पेठेच्या टीममध्ये कीपर आहे. कानचे व्हिडिओ बघून नुसता ओरडत असतो. काय करू, दादा?

ओरडू द्या, पण काय ओरडतोय ते ऐका. नुसतं आऽऽ असेल तर उपयोग नाही, नाव घेऊन डावीकडे, उजवीकडे, पुढे असं सांगत असेल तर उत्तम. कीपरला सगळं मैदान समोर दिसतं, बाकीच्यांना नाही.

व्हिडिओ बघताना त्याला सेव्ह नका बघायला लावू, सेव्हच्या आधीचा सेकंद बघायला लावा. शॉट लागायच्या क्षणी कानचे पाय थांबलेले असतात, वजन पुढे, हात तयार, आणि समोर एकटा स्ट्रायकर आला तर शक्य तितका उशिरा खाली बसतो. पोरं नेमकी उलट करतात, आधीच झोपतात. पायाने खेळणं मात्र कानकडून शिकवू नका, त्यासाठी नॉयरच बघायला हवा, आता कुठलाही कोच पायाने पास न देणारा कीपर घेत नाही.

आणि एक, कान १९८७ मध्ये कार्ल्सरुहेकडून पहिली लीग मॅच खेळला तेव्हा कोलोनने चार गोल मारले, ४-०. गोलमध्ये त्याची जागा पक्की झाली थेट १९९० मध्ये. शाहू स्टेडियमवर पोराने एखाद्या दिवशी चार खाल्ले तर घरी येताना गाडीवर त्याबद्दल काही बोलू नका, दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला वेळेवर सोडा.