वाचकांचे प्रश्न : कोराच्या २१ तारा आणि आपला कान

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे आणि हार्मोनियमवर थोडेफार शास्त्रीय संगीत शिकले आहे. यूट्यूबवर भजने ऐकताना पुढे आपोआप पश्चिम आफ्रिकेतील माली देशाच्या तुमानी दियाबाते यांचे कोरा या तंतुवाद्याचे वादन सुरू झाले आणि ते फार आवडले. मात्र एकच चाल सतत फिरत राहते असे वाटते, आणि मध्येच चक्क यमन ऐकू येतो. परक्या संगीताला असा आपल्या कानाने प्रतिसाद देणे योग्य आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : योग्य आहे, कारण सुरुवात करायला आपल्याजवळ दुसरा कान नसतोच. शिवाय यमनाचा भास निराधार नाही. कोरा लावण्याच्या परंपरागत पद्धतींपैकी ‘सौता’ या पद्धतीत मध्यम चढा असतो, त्यामुळे तीव्र मध्यमाची सवय असलेल्या आपल्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते. मात्र सौता ही वाद्य लावण्याची रीत आहे, राग नव्हे. यमन म्हटल्यावर आपण आलापाची, बढतीची, ठरावीक चलनाची वाट पाहू लागतो, ते काहीच येत नाही, आणि मग वादक विस्तार करत नाही असा निकाल आपण देऊन मोकळे होतो. ओळख पटल्याचा आनंद जरूर घ्यावा; निकाल मात्र राखून ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एकच चाल फिरत राहते, हे आपले निरीक्षण अचूक आहे. त्याकडे उणीव म्हणून पाहणे मात्र मला मान्य नाही. त्यासाठी वाद्याची घडण समजून घ्यावी लागेल. आपल्या गावच्या तंबोऱ्याप्रमाणे कोरालाही भोपळाच लागतो. पण तो अर्धा कापून त्यावर गाईचे कातडे ताणतात, लांब दांडी बसवतात आणि उभ्या घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) एका बाजूने ११ व दुसऱ्या बाजूने १० अशा २१ तारा ओढतात. या तारा पूर्वी कातड्याच्या असत, आता बहुधा मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या असतात. वादक तारा स्वतःकडे करून वाद्य समोर धरतो आणि दोन्ही हातांचे फक्त अंगठे व तर्जनी वापरतो. उरलेल्या बोटांनी दोन खुंट्या धरलेल्या असतात. अंगठे मुख्यतः जी फिरती चाल धरून ठेवतात तिला ‘कुंबेंगो’ म्हणतात, आणि तिच्यावर तर्जनींनी जे वेगवान स्वरसमूह सोडले जातात त्यांना ‘बिरिमिंतिंगो’. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवाला लेहरा, म्हणजे सतत फिरणारी एकच चाल, धरतो आणि तबलजी त्यावर आपले काम करतो, तशी ही दोन कामे आहेत. फक्त येथे ती दोन्ही एकच माणूस चार बोटांनी करतो. आपण स्वतः हार्मोनियम वाजवता, त्यामुळे लेहरा न ढळू देता वर काही वेगळे वाजवणे किती अवघड आहे, हे आपल्याला सांगायला नको.

म्हणून पुन्हा ऐकताना मोबाइलच्या स्पीकरवर न ऐकता हेडफोन लावावा, कारण त्या छोट्या स्पीकरमध्ये खर्ज बुडून जातो. पहिल्या वेळी फक्त खालच्या तारांकडे लक्ष द्यावे, मग वरच्या. तुमानी यांचा १९८८ चा ‘काइरा’ हा केवळ एकट्या कोराचा संग्रह यासाठी उत्तम आहे. त्यानंतर १९९९ चा ‘न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज’ ऐकावा. त्यात तुमानी आणि बलाके सिसोको यांचे दोन कोरा आहेत, आणि या दोघांच्या वडिलांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एन्शंट स्ट्रिंग्ज’ या ध्वनिमुद्रिकेत आपली कला नोंदवली होती. दोन पिढ्या एकापाठोपाठ ऐकल्या, तर न बदलणाऱ्या चालीत काय काय बदलते ते कळू लागते.

आणखी एक गोष्ट केवळ ऐकून कळणार नाही. हे वादन वंशपरंपरेने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या घराण्यांकडे चालत आले आहे. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाता केइताची गाथा आणि कुळांच्या वंशावळी त्यांनीच मुखोद्गत ठेवल्या. आपल्याकडे व्हायोलिनवर नाट्यपद वाजले की श्रोत्याच्या मनात शब्द उमटतात, तसे तेथील जाणकाराला निव्वळ वादनातही गाणे ऐकू येते. तुमानी जुलै २०२४ मध्ये गेले. पण त्यांच्या पुष्कळ मैफली व मुलाखती ऑनलाइन उपलब्ध आहेत, त्यांतील मुलाखती टाळू नयेत.

प्रश्न : जगभरची गाणी ऐकून मराठीत प्रतिक्रिया देणारे व्हिडिओ मी करू इच्छितो. कायद्याची अडचण येईल का? (एक महाविद्यालयीन वाचक, नाशिक)

उत्तर : भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ समीक्षेसाठी एखाद्या कृतीचा रास्त वापर करण्यास मुभा देते. संपूर्ण गाणे वाजवून मधूनमधून ‘वा’ म्हणणे त्यात बसेल, या भरवशावर राहू नये. छोटा अंश ऐकवावा, थांबावे, आणि आपल्याला नेमके काय जाणवले ते सांगावे. तरीही यूट्यूबची स्वयंचलित तपासणी कॉपीराइटचा दावा लावू शकते, याची तयारी ठेवावी.

मला अधिक काळजी वाटते ती प्रतिक्रियेच्या दर्जाची. चेहऱ्यावर आश्चर्य आणणे सोपे आहे, पण त्यातून ऐकणाऱ्याला काही मिळत नाही. कोरावादक गायिका सोना जोबार्ते यांचे ‘गांबिया’ हे गाणे घ्या. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशाच्या स्वातंत्र्याला ५० वर्षे झाली तेव्हा, २०१५ मध्ये, ते आले. ते मांदिंका भाषेत आहे, आणि कोरा हे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांकडे राहिलेले वाद्य एक स्त्री त्यात वाजवते आहे. एवढे माहीत करून घेऊन दुसऱ्यांदा ऐकल्यावर आपण जे बोलाल ते मराठी प्रेक्षकाच्या उपयोगी पडेल. पहिल्या ऐकण्याची प्रतिक्रिया हवी तर ठेवा, पण तिच्यापाशी थांबू नका.

प्रश्न : ॲप सारखी त्याच धाटणीची गाणी सुचवते. नवे कोठे शोधावे? (एक वाचक, पणजी)

उत्तर : ‘रेडिओ गार्डन’ या संकेतस्थळावर पृथ्वीचा गोल फिरवून बामाको (माली) किंवा बांजूल (गांबिया) येथील नभोवाणी केंद्र थेट ऐकता येते, तेथे आपल्या आधीच्या आवडीचा संबंधच उरत नाही. ‘स्मिथसोनियन फोकवेज’ या अमेरिकी ध्वनिमुद्रिका-प्रकाशन संस्थेच्या संकेतस्थळावर ध्वनिमुद्रिकांसोबतच्या माहितीपुस्तिका विनामूल्य मिळतात, आणि त्या वाचण्याजोग्या असतात. एखादा कलाकार मनापासून आवडला, तर त्याचा संग्रह ‘बँडकॅम्प’ या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर आहे का ते पाहून विकत घ्यावा. तेथे डिजिटल विक्रीवर कंपनी साधारण १५ टक्के घेते आणि व्यवहाराचे शुल्क वजा जाता उरलेली रक्कम विक्रेत्याला, म्हणजे कलाकाराला किंवा त्याच्या प्रकाशकाला, मिळते.