नांदेडला गोदावरीकाठी फ्लॅट स्कीम होतेय. अशा जागेवर बिल्डरला कोणत्या अटी असतात, आणि घेणाऱ्याने काय बघावं?

बिल्डर तुम्हाला म्हणाला, "नदीपासून शंभर मीटर सोडलेत, काळजी करू नका." मी नांदेडमध्ये बांधकाम परवानगीच्या फायली करणारा अभियंता आहे. माझं ऐका, ते शंभर मीटर बाजूला ठेवा आणि त्याला जमिनीची पातळी विचारा.

जलसंपदा विभाग नदीला दोन पूररेषा आखून देतो. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीनुसार (सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात) नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवीन घर बांधताच येत नाही. तिथे बाग, मोकळं मैदान, पार्किंग, स्मशानभूमी असलेच उपयोग चालतात. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं, म्हणजे तळमजल्याच्या फरशीची पातळी, लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटिमीटर उंच ठेवून. सीआरझेडचं कुणी सांगितलं तर सोडून द्या, तो समुद्रकाठचा विषय.

खरी गफलत या 45 सेंटिमीटरमध्ये होते. लोक ते जमिनीपासून मोजतात. गेल्या वर्षी एका साइटवर आम्ही ऑटो लेव्हल (जमिनीची पातळी मोजायचं यंत्र) लावली. काळ्या रानात पोरगा स्टाफ, म्हणजे मापाची उभी पट्टी, धरून उभा, आणि रीडिंग काढलं तर जमीन लाल रेषेच्या 1.20 मीटर खाली. म्हणजे जोतं जमिनीपासून 1.65 मीटर हवं. मालकाच्या नकाशात होतं 60 सेंटिमीटर. तो वाद घालायला लागला. मग मी त्याला बांधावरच्या पाण्याच्या मोटारीच्या जुन्या खोलीजवळ नेलं. भिंतीवर जुन्या पुराच्या गाळाची पट्टी होती, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. त्याने त्या पट्टीवरून बोट फिरवलं, आणि नकाशा बदलून दिला.

"शंभर वर्षांतून एकदा" ऐकून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. वीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत तसा पूर एकदा तरी येण्याची शक्यता 18 टक्क्यांच्या आसपास जाते. निळ्या रेषेच्या पुराची तर निम्म्याहून जास्त. आणि नांदेडला पाऊस नसला तरी पूर येतो. जायकवाडी, माजलगाव, येलदरी-सिद्धेश्वर या सगळ्या धरणांचं सोडलेलं पाणी शेवटी नांदेडच्या वरच्या विष्णुपुरी बंधाऱ्यावर येतं. 2006 च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी इथं काढला, त्यांना हे सांगावं लागत नाही.

भरावाचंही विचारा. सगळ्या प्लॉटवर मुरूम टाकून पातळी उचलली की नाला तुंबतो आणि पाणी शेजारच्या वस्तीत शिरतं. नाल्याला वाट कुठून ठेवली, हे नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

बाकीच्या अटी कुठल्याही मोठ्या स्कीमला असतात त्याच: मंजूर लेआउट, जागा 4,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर 10 टक्के मोकळी जागा, पावसाचं पाणी जिरवण्याची सोय, बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असतील तर महारेरा (राज्याचं गृहप्रकल्पांचं नियामक प्राधिकरण) नोंदणीही लागते. पण रेरा नंबर आहे म्हणजे कुणीतरी जाऊन पातळी मोजली, असं धरू नका.

बॉन्डवरचा, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर केलेला, व्यवहार तर नकोच. टोकन देण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा आणि त्यावर तुमचा गट नंबर दोन्ही रेषांच्या कुठं पडतो ते बघा. मग बिल्डरकडून मंजूर नकाशाची प्रत घ्या. त्यात लाल रेषेची पातळी आणि जोत्याची पातळी, दोन्ही आकडे लिहिलेले हवेत. दोघांत 0.45 मीटरपेक्षा कमी फरक दिसला, किंवा आकडेच नसले, तर टोकन देऊ नका.