बेळगावात घरून शेंगदाणे आणि गहू दोन्ही नसलेला फराळ विकायचा तर आधी काय करावं?

एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी तर लागेलच, पण त्याआधी कढई, तेल आणि दळण वेगळं करा. मी स्वतः फराळाच्या ऑर्डरी घेते, म्हणून सांगते: आपल्याकडे शेंगतेल आणि शेंगाचटणी घरोघरी, त्यामुळे चिरमुऱ्यातले दाणे वेचले म्हणून भागत नाही, झाऱ्याच्या भोकांत कूट अडकलेलं असतंच. ज्वारीचं पीठ गव्हामागोमाग त्याच गिरणीत दळलं, की गेलंच सगळं. २०२० च्या लेबल नियमांनुसार शेंगदाणे, दूध, सोया, ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) असेल तर पाकिटावर लिहावं लागतं, तेही इंग्रजीत किंवा हिंदीत; मराठी-कन्नड हवं तर जोडा. मात्र ‘ग्लूटेनमुक्त’ छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. लॅबमध्ये तपासलं नसेल तर नुसतं ‘ज्वारीची चकली’ लिहा.