वाचकांचे प्रश्न : जखमी खार आणि घरगुती उपचार

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात मांजराने पकडलेली खार माझ्या मुलाने सोडवली. तिच्या पाठीवर दोन बारीक भोके आहेत, पण रक्त जवळजवळ नाही. शेपटीच्या टोकाची कातडी मात्र केसांसकट निघून आली असून आतला भाग उघडा पडला आहे. शेजारच्या काकूंनी हळद भरायला सांगितली, तर औषधाच्या दुकानदाराने जंतुनाशक पावडर दिली. खार खोक्यात निपचित बसून आहे. जखमा घरच्या घरी भरतील का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आपल्याला फोनवरून उत्तर त्याच दिवशी दिले होते, परंतु असेच प्रश्न वरचेवर येत असल्यामुळे ते येथे सविस्तर देत आहे. आपल्या पत्रात शेपटीची काळजी अधिक दिसते, आणि ते साहजिकही आहे, कारण तीच जखम भयंकर दिसते. पण खारीच्या जिवाला धोका आहे तो त्या दोन बारीक भोकांचा. मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. ते कातडीखाली खोलवर जातात, तोंडातले पाश्चुरेला जातीचे जिवाणू आत सोडतात आणि बाहेर आले की वरची कातडी लगेच मिटते. रक्त नाही म्हणून घरची माणसे निर्धास्त राहतात, आणि आत पसरलेला संसर्ग रक्तात उतरून एकदोन दिवसांत खार दगावते. म्हणून मांजराच्या तोंडातून सुटलेल्या खारीला, अंगावर एकही ओरखडा दिसत नसला तरी, त्याच दिवशी पशुवैद्याकडून प्रतिजैविक मिळायला हवे. जखम कशी वाढते ते पाहून ठरवू, असे येथे म्हणता येत नाही.

दवाखान्यात नेईपर्यंत पहिले काम ऊब देण्याचे. धक्का बसलेल्या खारीचे अंग गार पडते, आणि गार पडलेल्या प्राण्याला पाजलेले पाणी अनेकदा फुप्फुसात जाते. झाकणाला भोके असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापड अंथरावे, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उकाडा झाला तर खारीला दुसरीकडे सरकता येते. अंग उबदार होऊन ती स्वतः हालचाल करू लागेपर्यंत तोंडात काहीही घालू नये. चमच्याने दूध पाजण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

त्यानंतर जखम धुवावी. औषधाच्या दुकानात मिळणारे ०.९ टक्के सलाईन उत्तम. ते नसल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साधारण ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड छोटा चमचा मीठ विरघळवावे. हे पाणी कोमट करून सुई काढलेल्या सिरिंजने जखमेवर हलक्या धारेने सोडावे. जखमेच्या कडेचे केस पाण्याने ओले करून मग कापले तर ते आत पडत नाहीत. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे असेल तर पाणी घालून त्याचा रंग कोऱ्या पातळ चहासारखा होईपर्यंत सौम्य करावे. हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर भरू लागलेले नवे मांसही जाळते. घरातले फिनेल किंवा साफसफाईचे जंतुनाशक खार चाटून पोटात घेते. हळद आणि पावडर जखमेत गोळा होऊन चिकटून बसतात, त्यांच्याखाली पू साचतो आणि डॉक्टरांना जखम तपासण्याआधी तेच काढत बसावे लागते. काकूंचा हेतू चांगलाच आहे, पण हळदीचा डबा या वेळी स्वयंपाकघरातच राहू द्यावा.

पट्टी बांधू नये. खार ती कुरतडते, दोरे गिळते, आणि चिकटपट्टी ओढताना शाबूत कातडीही सोलून निघते. चाव्याच्या भोकांना टाकेही सहसा घालत नाहीत, कारण आतला स्राव बाहेर पडायला वाट हवी असते. माणसांच्या वेदनाशामक गोळीचा तुकडा देण्याचा विचारही करू नये. आपल्याकडच्या पूर्ण वाढलेल्या पट्टेवाल्या खारीचे वजन १०० ग्रॅमच्या आसपास असते, आणि त्या वजनाला गोळीचा ‘थोडासा’ तुकडाही मोठा ठरतो.

शेपटीविषयी थोडक्यात : शेपटी धरल्यावर तिची कातडी मोज्यासारखी निघून येते, म्हणून खारीला कधीही शेपटीला धरून उचलू नये. उघडे पडलेले हाड पुन्हा कातडीने झाकले जात नाही. ते सुकते, आणि तेवढा भाग बहुधा भूल देऊन काढावा लागतो. तोवर तो स्वच्छ व ओलसर ठेवावा. टोक गेलेल्या खारी झाडांवर व्यवस्थित वावरतात.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट रोज पाहावी. केसांच्या मुळाशी माशांनी घातलेली पांढरट, लांबट अंडी दिसली तर ती बारीक दातांच्या फणीने किंवा चिमट्याने लगेच काढावीत, कारण दिवसभरातच त्यांतून अळ्या निघतात. कुत्र्यांच्या जखमेत अळ्या मारण्यासाठी काहीजण टर्पेंटाइन ओततात. खारीच्या बाबतीत ते विषच ठरते.

मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला जुने मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, आणि वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन हे दोन आधार लक्षात ठेवावेत. खार वन्यप्राणी आहे. तिला बरी होईपर्यंत सांभाळणे वेगळे आणि पाळणे वेगळे, त्यामुळे वनखात्याला कळवणे हेच योग्य.

प्रश्न : पावसाळ्यापूर्वीच्या झाडछाटणीत घरटे पडून मिळालेली खारीची तीन पिल्ले आम्ही वाढवत आहोत. त्यांतल्या दोन नरांच्या लघवीच्या जागी लाल सूज येऊन खपली धरली आहे. कीटक चावला असावा का? (एक वाचक, दादर)

उत्तर : कीटक नव्हे. आईविना वाढणारी पिल्ले दूध ओढण्याच्या ओढीने एकमेकांच्या त्या भागाला चोखतात, आणि हे बहुतेक रात्री आपल्या नकळत चालते. खपलीने लघवीची वाट बंद झाली तर पिल्लू काही तासांत संकटात येते. आजच तिघांना वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत ठेवावे; ऊब टिकावी म्हणून पिशव्या एकाच खोक्यात शेजारी ठेवायला हरकत नाही. खपली ओढू नये, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती मऊ करून आपोआप सुटू द्यावी. प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर त्याच ओल्या कापसाने तो भाग हलके पुसून लघवी होते ना, याची खात्री करावी. पोट टणक लागले आणि थेंबही येत नसेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. गायीच्या दुधाने हगवण लागून मागचा भाग सतत ओला राहतो व तेथेही व्रण पडतात. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर त्याहून बरी.

प्रश्न : औषध लावताना खार माझ्या बोटाला कडकडून चावली. रेबीजची लस घ्यावी लागेल का? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : खारीसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज जवळजवळ आढळत नाही. तरीही जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि लसीचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते, तेही त्यांना सांगावे. पुढच्या वेळी खारीला जाड टॉवेलमध्ये, डोके झाकून, गुंडाळावे आणि जखमेचा तेवढाच भाग उघडा ठेवावा. डोळ्यांपुढे अंधार झाला की ती बरीच शांत होते, आणि औषध लावणेही दोन माणसांत, एकाने धरून व दुसऱ्याने लावून, लवकर उरकते.