प्लॉटवरून : लीद तपासून घ्या, चाकवत फेकू नका

फेब्रुवारी लागला की या सदराची पत्रं दुप्पट होतात. बाहेर पाय टाकवत नाही, पण बियाण्यांची पाकिटं घरात येऊन पडलेली असतात. नव्या वाचकांसाठी सांगते, माझं माहेर कराडकडचं, उसा-हळदीचं. इंग्लंडात, मिडलंड्समध्ये, अलॉटमेंटचा, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा, एक प्लॉट मी चौदा वर्षं कसतेय. कृषी पदवी वगैरे काही नाही. चुका भरपूर केल्यात, त्यातूनच ही उत्तरं.

प्रश्न : तीन वर्षं वेटिंग लिस्टवर काढल्यावर आम्हाला अर्धा प्लॉट मिळाला. गुडघाभर गवत आणि काटेरी जाळी माजलीय. हे म्हणतात, रोटाव्हेटर भाड्याने आणून एका दिवसात उरकू. करारात लिहिलंय, मशागत दिसली नाही तर नोटीस येईल. मी जन्मात खुरपं धरलेलं नाही. — एक वाचक, रेडिंग

आधी आपल्या मापात हिशोब करा, म्हणजे धास्ती कमी होईल. इथला जुना पूर्ण प्लॉट दहा रॉडचा (रॉड हे जमिनीचं जुनं इंग्रजी माप). एकरात रॉड 160 आणि गुंठे 40, म्हणजे चार रॉडचा एक गुंठा. पूर्ण प्लॉट बरोब्बर अडीच गुंठे, तुमचा सव्वा. मी हे वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “एवढ्यात आपला गोठासुद्धा बसत नाही.” हसू देत. नोकरी करून सव्वा गुंठा सांभाळणाऱ्याला शनिवार पुरत नाही.

रोटाव्हेटर मात्र नको. तुमच्या गवतात इथली हरळी असणार, आणि बाइंडवीड, म्हणजे आपल्या हरणखुरीच्या गोतातली वेल, हमखास असणार. यंत्राने त्यांच्या मुळ्यांचे तुकडे होतात आणि तुकडा तुकडा फुटतो. संध्याकाळी रान काळंभोर दिसेल, फोटो छान येईल, मे महिन्यात कपाळाला हात लावाल. त्यापेक्षा पाव भाग खणायच्या काट्याने (फोर्कने) उकरा आणि पांढऱ्या मुळ्या हाताने वेचून बादलीत टाका. उरलेल्यावरचं गवत कापून वर जाड काळी ताडपत्री घाला, किंवा सायकलच्या दुकानातून मोठे पुठ्ठे मागून आणा (चिकटपट्टी सोलून काढा, नाहीतर पुढची पाच वर्षं ती वेचत बसाल).

उकरलेल्या भागात बटाटा लावा. बेणं आत्ताच अंड्यांच्या ट्रेमध्ये, डोळे वर करून, थंड खोलीतल्या खिडकीत मांडून ठेवा. इथली जुनी माणसं गुड फ्रायडेचा मुहूर्त धरतात. तो दरवर्षी पुढे-मागे सरकतो आणि थंडीला त्याचं सोयरसुतक नसतं. मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य, कधीही लावा. कोंब वर आल्यावर रात्री दहिवर गोठणार असं हवामानवाले म्हणाले, की संध्याकाळी जाऊन कोंबांवर माती ओढा.

नोटिशीचं म्हणाल, तर एक कोपरा कसलेला आणि बाकीचा नीट झाकलेला दिसला की बहुतेक कमिट्या समजून घेतात. पण सेक्रेटरींना आपण होऊन भेटा आणि काय करणार ते सांगा.

प्रश्न : कोथिंबीर वीतभर होत नाही तोच फुलावर येते. बी खराब असेल का? — एक वाचक, स्लाव

बी चांगलं आहे, दिवस लांब आहे. जूनमध्ये इथे सोळा तासांवर उजेड असतो, त्यात माती सुकली की कोथिंबिरीला संसार आटोपण्याची घाई होते. धने पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा आणि ऑगस्टमध्ये पेरा. दिवस उतरतीला लागलेले असतात, पान भरून येतं. मेथी मात्र मेपासून खुशाल टाका, डब्यातलीच, दाट. महिन्याभरात जुडी निघते. पहिल्या आठवड्यात रात्री टॉर्च घेऊन बिनशंखाच्या गोगलगायी वेचाव्या लागतील, त्याला इलाज नाही.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात आमच्या टोमॅटोचे शेंडे आवळून वेडेवाकडे झाले, घेवड्याचंही तेच. शेजारी म्हणाले व्हायरस. मार्चमध्ये एका तबेल्यातून फुकट लीद आणून घातली होती. संबंध असेल का? — एक वाचक, मिल्टन कीन्स

दाट संशय लिदीवरच आहे. हे माझ्या अंगाने गेलंय, म्हणून लांबण लावते.

सहा-सात वर्षांपूर्वी मी दोन ट्रेलर लीद घेतली. काळी, भुसभुशीत, वासही नाही. हातात धरल्यावर माहेरच्या उकिरड्याची आठवण झाली आणि मी काही न विचारता सगळे वाफे भरले. जूनअखेर टोमॅटोची कोवळी पानं नेच्याच्या कोंबासारखी आत वळायला लागली. देठ जाड, पान अरुंद, शिरा दोरीसारख्या समांतर. मी पाणी वाढवलं, मग कमी केलं, मग राख टाकली. बटाट्याची पानंही वाटीसारखी झाली तेव्हा पलीकडच्या प्लॉटवरच्या बाईंनी कुंपणावरूनच विचारलं, “लीद कुठली?”

प्रकार असा असतो. कुरणातलं रुंद पानाचं तण मारायला अमिनोपायरॅलिड नावाचं औषध मारतात. गवताला त्याने काही होत नाही. त्या गवताची वैरण घोडा खातो, औषध त्याच्या पोटातून जसंच्या तसं लिदीत उतरतं आणि ढिगात महिनोन्महिने टिकतं. टोमॅटो, बटाटा, घेवडा, वाटाणा यांना त्याचा अंशसुद्धा सोसत नाही. तबेलेवाल्याला बहुतेक वेळा ठाऊकही नसतं, कारण वैरण त्याने विकत घेतलेली असते.

म्हणून परीक्षा घ्यायची. सहा कुंड्या घ्या. तिनांत साधी माती, तिनांत तीच माती आणि लीद निम्मी-निम्मी. सगळ्यांत ब्रॉड बीन किंवा घेवडा लावा आणि तीन-चार आठवडे थांबा. लिदीच्या कुंडीतली पानं चिमटली, तर ती लीद वाफ्यात घालायची नाही आणि दुसऱ्यालाही द्यायची नाही. तुमची तर मातीत गेलीच आहे. तिला यंदा दोन-तीनदा खालीवर करा, मातीतले जिवाणू ते औषध हळूहळू फोडतात. त्या वाफ्यात या वर्षी मका घ्या, तो गवताच्या कुळातला, त्याला हे चालतं. कुंड्यांची परीक्षा पास झाल्याशिवाय टोमॅटो तिथे परत नेऊ नका.

प्रश्न : जास्तीची भाजी मंडळाच्या गणपतीत विकली तर चालेल का? — एक वाचक, लीड्स

धंदा म्हणून नाही. 1922 च्या अलॉटमेंट कायद्यातली व्याख्याच अशी आहे की पीक मुख्यतः घरच्या खाण्यासाठी हवं. उरलेल्याबद्दल तुमच्या करारात काय म्हटलंय ते वाचा. मी तर वाटून टाकते. ऑगस्टात कोर्जेट (झुकिनी) कुणी फुकटसुद्धा घेत नाही.

प्रश्न : शेजारच्या प्लॉटवरचे इंग्रज आजोबा दर आठवड्याला काहीतरी आमच्या शेडच्या कडीला अडकवून जातात. आम्ही नवखे, द्यायला काही पिकलेलं नाही. फार अवघडल्यासारखं होतं. — एक वाचक, डर्बी

पिकलेलंच द्यायला हवं असं कुठे आहे? श्रमदानाच्या रविवारी, सगळे मिळून रस्त्याकडेची झुडपं छाटतात त्या दिवशी, आल्याचा चहा थर्मासभर न्या. त्यांचंच कोर्जेट किसून थालीपिठं लावा आणि गरम असताना हातावर ठेवा. आई आजारी होती तेव्हा मी सहा आठवडे कराडला होते. परतले तर रोपं तरारलेली. पाणी कोण घालत होतं ते मला पुढच्या वर्षी कळलं, तेही तिसऱ्याकडून.

आणि एक मागूनही बघा. आमचे शेजारचे आजोबा जूनमध्ये ‘फॅट हेन’ नावाचं तण शिव्या घालत उपटायचे आणि ढकलगाडी भरून कंपोस्टवर ओतायचे. एकदा जवळून पाहिलं, पानाच्या पाठीवर पीठ भुरभुरल्यासारखं. अहो, चाकवत! मी गाडीच थांबवली. संध्याकाळी ताक, डाळीचं पीठ, भिजवलेले शेंगदाणे आणि वर लसणीची फोडणी. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. त्यांनी आधी डब्यात बघितलं, मग आपल्या कंपोस्टकडे. आता ते उपटतात, मुळं झटकतात आणि जुडी बांधून माझ्या फाटकाला लावतात. तुम्हीही ओळख पक्की करून घ्या, फवारणी झालेल्या जागेवरचं घेऊ नका, आणि वीतभर असतानाच काढा. बी धरलं की पान चरबट लागतं.